थांबायची खूण

१

थोरलीचा दिवस पोटावर सुरू व्हायचा. जग पोटासाठी उठतं, ही पोटावर पडायला उठायची. उजाडलं की पावणेचार मीटर लांबीची अरुंद फळी काखेत मारून ती धक्क्याच्या पायऱ्या उतरायची, फळी पाण्यावर ठेवायची, तिच्यावर पालथी व्हायची आणि हातांनी पाणी मागे सारत समुद्रात निघून जायची. वल्हं नाही, शीड नाही, मोटर तर नाहीच. खांदे भरून आले की गुडघ्यांवर बसून दोन्ही हात एकदम मारायचे, गुडघे भरून आले की पुन्हा पालथं पडायचं. पॅडलबोर्ड हे त्या वस्तूचं बाहेरचं नाव, घरात ती नुसती फळी. वर्षातून एक मोठी शर्यत असायची, किनाऱ्यापासून समोरच्या बेटापर्यंत, बावन्न किलोमीटर. सहा तासांचं काम, आणि उरलेलं सगळं वर्ष त्या सहा तासांची तयारी.

“लोक पोटासाठी हात चालवतात, माझी पोरं पोटावर पडून हात चालवतात,” असं आई शिवायला टाकलेले कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची. विनोद शिळा होता तरी ती तो ताजा करून वाढायची. गेल्या वर्षापासून मात्र तिनं तो कुणालाच सांगितला नाही. ‘पोरं’ म्हणण्याइतकी आता उरली नव्हती.

धाकटा थोरलीपेक्षा चार वर्षांनी लहान. दोघं जोडीनं शर्यतीत उतरायची. पुढच्यानं पाणी फोडायचं आणि मागच्यानं त्याच्या पायांच्या तळव्यांपासून हातभर अंतर राखून त्या फोडलेल्या पाण्यावरून घसरत यायचं, अशी ती रीत. मागच्याची निम्मी मेहनत वाचते, म्हणून अधूनमधून जागा बदलायच्या. मात्र पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की फळी वळते, आणि मागचा येऊन आदळतो.

म्हणून धाकट्यानं बारा वर्षांचा असताना जेवणाच्या टेबलावर बसून खुणा ठरवल्या होत्या. दर शंभर हातांनी पुढच्यानं पेरांनी फळीवर एकदा ठोकायचं, म्हणजे ‘आहेस का?’ मागच्यानं दोनदा, म्हणजे ‘आहे.’ मागच्याला पुढे यायचं असेल तर तीनदा, म्हणजे ‘बदल.’ लाकूड किंवा फायबर कानाशीच असल्यामुळे वाऱ्यातही ते ऐकू येतं. खुणा इतक्या सोयीच्या निघाल्या की घरभर पसरल्या. न्हाणीघराच्या दारावर एकदा ठोकलं की आतून दोनदा उत्तर यायचं, आणि थोरली फार वेळ लावायला लागली की बाहेरून तीनदा. “माझ्या घरात माणसं बोलत नाहीत, सुतारपक्षी राहतात,” आई म्हणायची.

आता थोरली एकटीच सरावाला जायची. शंभर हात झाले की तिची पेरं आपोआप फळीवर एकदा पडायची. मग ती दोन हात मारण्याइतकी उसंत सोडायची आणि पुन्हा एकपासून मोजू लागायची.

२

ती फळ्या दुरुस्त करायच्या कारखान्यात कामाला होती. फळीला चीर पडली की पाणी आत शिरतं आणि वरून काहीच दिसत नाही. ते ओळखायला यंत्र नाही. फळी घोडीवर आडवी ठेवायची, टोकापासून टोकापर्यंत पेरांनी ठोकत जायचं आणि ऐकायचं. सुकी जागा टणक बोलते. पाणी मुरलेली जागा दबक्या, जाड आवाजात बोलते, तोंडात घास असताना माणूस बोलतो तशी. मग तेवढा भाग कापायचा, वाळवायचा, काचेचं कापड आणि रेझीन चढवून काचकागदानं घासायचा. कारखान्यात तिच्या कानाला मान होता. “हिनं ठोकलं की फळी खोटं बोलत नाही,” मालक गिऱ्हाइकांना सांगायचा.

शर्यतीला पंधरा दिवस उरले असताना, एका रविवारी दुपारी, ती घरी चहा पीत होती. आई समोर मटार सोलत होती. थोरलीनं रिकामा कप टेबलावर ठेवला, जरा जोरातच ठेवला गेला.

टेबलामागच्या भिंतीतून दोनदा ठोकल्याचा आवाज आला.

भिंतीपलीकडे धाकट्याची खोली. तिथे पलंग, बंद कपाट आणि भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर त्याची फळी. थोरलीनं आईकडे पाहिलं. आई शेंग सोलत होती, पण दाणे वाडग्याऐवजी सालींत टाकत होती.

“नळ असेल,” थोरली म्हणाली. “गरम पाण्याचा नळ भिंतीतून गेलाय ना.”

“असेल,” आई म्हणाली.

नळच असणार, असं थोरलीनं स्वतःला बजावलं. पाइप तापतो, फुगतो, कड्यात अडकतो आणि सुटताना वाजतो. तिनं उठून नळ पाहिला. गरम पाणी सकाळपासून बंद होतं. मग शेजारचे असतील. शेजारच्यांनी दिवाणखान्यात काहीतरी ठोकायला घेतलं असेल. ती परत येऊन बसली आणि रिकामा कप उगाचच उचलून अगदी हलक्या हातानं खाली ठेवला. काही वाजलं नाही. तेव्हा कुठे तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

३

गेल्या वर्षीची गोष्ट गावभर सगळ्यांना ठाऊक होती, म्हणजे थोरलीनं सांगितली तेवढी.

शर्यतीत प्रत्येक जोडीबरोबर एक होडी चालते, पाणी, खाणं आणि दिशा द्यायला. यांची होडी एका वयस्कर होडीवाल्याची. दोघं त्याला काका म्हणायची. चोविसाव्या किलोमीटरला त्याचं इंजिन खोकू लागलं. त्यानं हात करून ‘तुम्ही व्हा पुढे, मी आलोच’ असं सांगितलं आणि इंधनाची गाळणी साफ करत बसला. वर दुपारचं धुरकट ऊन आणि खाली पाण्याच्या लांबलचक टेकड्या, त्यामुळे एकदा अंतर पडल्यावर पुन्हा गाठायला त्याला तीन तासांहून जास्त लागले, तेही थेट बेटाच्या किनाऱ्यावर. तेवढा वेळ समुद्रावर दोघंच होती, थोरली पुढे आणि धाकटा मागे.

थोरली त्या दिवशी अशी चालली होती, जशी आयुष्यात कधी चालली नव्हती. बेटाच्या वाळूला फळी लागली तेव्हा घड्याळात पाच तास छत्तीस मिनिटं झाली होती. तिनं हसत फळीवर ठोकलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. मागे पाणी होतं.

“अगदी शेवटपर्यंत उत्तर देत होता,” तिनं सगळ्यांना सांगितलं. “किनारा दिसायला लागल्यावरसुद्धा दोनदा वाजलं. मी स्वतः ऐकलं.” म्हणून शोधणाऱ्या होड्या शेवटच्या दोन किलोमीटरांत फिरत राहिल्या, आणि तो तिसऱ्या दिवशी भलतीकडेच, खूप मागे सापडला. प्रवाह, असं सगळे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं असावं, अशा वेळी काही कळतसुद्धा नाही. आईनं या दोन गोष्टी घट्ट धरून ठेवल्या. शेवटपर्यंत उत्तर देत होता, आणि काही कळलं नाही. त्या दोन वाक्यांवर ती जेवत होती, झोपत होती आणि शिवणाचं मशीन चालवत होती.

४

नळाची सबब तीन दिवस टिकली. बुधवारी थोरलीच्या हातून सुरी फळकुटावर आपटली आणि पलीकडून दोनदा वाजलं. गुरुवारी कपाटाचं दार लागलं आणि दोनदा वाजलं. थोरली घरात मांजरासारखी वावरू लागली. भांडी फडक्यावर ठेवायची, दारं हातानं धरून लावायची. धाकट्याच्या खोलीत जाऊन तिनं भिंत तपासली, खुंट्या तपासल्या, खिडकी तपासली. उंदीर असेल म्हणून पलंगाखाली टॉर्च मारला. सगळं जागच्या जागी होतं. फळीला हात लावायचं तेवढं तिनं टाळलं.

शनिवारी ती कामावरून लवकर आली. चप्पल काढता काढता तिला आतून आवाज आला, ‘टक’, आणि लगेच पलीकडून दोन. पुन्हा ‘टक’, पुन्हा दोन. ती दारातच थांबली.

आई टेबलाजवळची खुर्ची भिंतीकडे फिरवून बसली होती. मांडीवर उसवलेला परकर, मधल्या बोटात अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची पत्र्याची टोपी. ती चार टाके घालायची, मग अंगुस्तानानं भिंतीवर एकदा ठोकायची, मान कलती करून दोनदा ऐकायची आणि पुन्हा चार टाके घालायची. तिच्या तोंडावर जी शांतता होती ती थोरलीनं वर्षभरात पाहिली नव्हती.

“कधीपासून, आई?”

“होळीच्या... छे, कधीपासून ते काय विचारतेस. झाले दोन-अडीच महिने.” आई तिच्याकडे न बघता म्हणाली. “तू दचकशील म्हणून बोलले नाही. मला आधी वाटलं, आपलं डोकं फिरलं. मग म्हटलं, फिरलं तर फिरलं.”

“आई, तो नाहीये तिथं.”

“मला नको सांगूस. मी त्याला आंघोळ घातलीय, पहिली पण आणि शेवटची पण.” तिनं दोरा दातानं तोडला. “पण तूच म्हणाली होतीस ना, शेवटपर्यंत उत्तर देत होता. खोडच ती त्याची. विचारलं की सांगणार.”

आणि तिनं पुन्हा ठोकलं. या वेळी थोरली भिंतीपासून दोन पावलांवर होती आणि तिचा कान तिच्या इच्छेची वाट बघत बसला नाही. त्यानं आपलं काम केलं. ते लाकूड नव्हतं, नळ नव्हता, वीटही नव्हती. ती फळी होती, आणि तिच्यात पाणी मुरलेलं होतं.

धाकट्याची फळी मिळाली तेव्हा तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याच आठवड्यात थोरलीनं ती टोकापासून टोकापर्यंत ठोकून पाहिली होती. ती ठणठणीत कोरडी होती.

५

सोमवारी सकाळी थोरली केस विंचरत होती आणि आई चहा गाळत होती. कुणीही काही आपटलं नव्हतं. पलीकडून आवाज आला, एक, दोन आणि तीन.

आईनं गाळणं तसंच हातात धरलं. “आता काय बदलायचंय त्याला?” ती म्हणाली.

थोरलीनं फणी खाली ठेवली. थोड्या वेळानं पुन्हा तीन वाजले, घाई नाही, राग नाही, न्हाणीघराच्या दारावर वाजायचे तसे.

“पुढे यायचंय म्हणतोय,” आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. “मी सांगू का? तू शर्यत सोडायची म्हणत होतीस ना, ती सोडू नकोस. तुझ्याबरोबर जायचंय त्याला. ने त्याला एकदा बेटापर्यंत. त्याचं तेवढं राहिलंय.”

थोरली उठून न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि नळ सोडून पाण्याच्या आवाजात रडली.

कारण ती जे कुणालाही बोलली नव्हती ते तिच्या फोनमध्ये होतं. धाकट्याच्या मनगटावर घड्याळ होतं, कापलेली वाट आणि नाडीचे ठोके टिपणारं. दोघांची घड्याळं एकाच खात्याला जोडलेली होती. तो सापडला त्या दिवशी सगळी टिपणं तिच्या फोनवर आली. नकाशावर त्याची रेघ एकतिसाव्या किलोमीटरपर्यंत तिच्या रेघेला चिकटून सरळ येत होती. तिथून ती पुढे आलीच नव्हती. तिथल्या तिथे भरकटलेल्या दोऱ्यासारखी गुंतत होती. त्या गुंत्यात नाडी चालू होती, कमी कमी होत गेलेली, पण चालू. चाळीस मिनिटं.

पाण्यात राहिलेलं घड्याळ, त्याचं काय खरं मानायचं, असं म्हणून तिनं ते पान बंद केलं होतं. शेवटपर्यंत दोनदा वाजत होतं ना? तिनं ऐकलं होतं ना?

ऐकलं होतं का, हाच तर प्रश्न होता. बारा वर्षं रोज शेकडो वेळा तेच. शंभर, ठक, मग ठक-ठक, मग एक, दोन, तीन. ते दोन ठोके तिच्या मोजणीतलेच आकडे होऊन गेले होते. एकटीनं सराव करतानाही ती त्यांच्यासाठी जागा सोडायची, आणि सोडलेल्या जागेत ते वाजल्यासारखे वाटायचे. अशी चूक दुसऱ्या कुणाच्या हातून व्हायची नाही, ती करायलाही बारा वर्षांची सोबत लागते.

आणि एक ठोका मात्र तिनं नक्की ऐकला होता. एक नाही, तीन. एकतिसाव्या किलोमीटरला, मध्येच, शंभर भरायच्या आत. बदल. तिनं मनात म्हटलं होतं, आत्ता नको रे, आत्ता माझे हात लागलेत, अजून एक शंभर होऊ दे. त्यानं पुन्हा तीनदा ठोकलं. तिनं आणखी जोर लावला.

थांब म्हणायची खूण त्यांनी कधी केलीच नव्हती. बारा वर्षांच्या पोरानं टेबलावर बसून सगळं ठरवलं, पण शर्यतीत थांबावं लागेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि तिच्याही नाही. छातीत कळ येऊन पडलेल्या माणसाजवळ तेव्हा म्हणायला जे होतं, ते त्यानं म्हटलं.

६

शर्यतीच्या दिवशी समुद्र गेल्या वर्षीसारखाच होता, लांब टेकड्या आणि धुरकट ऊन. थोरली एकटीच्या गटात उतरली होती. काका डावीकडे वीसेक हातांवर होडी चालवत होते. या वर्षी त्यांनी इंजिन नवं बसवलं होतं, गाळण्या दोन घेतल्या होत्या, आणि एकदाही नजर तिच्यावरून हलवली नव्हती.

तिनं मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी फळीवर ठोकायचं नाही. शंभर हात झाले आणि पेरं आपोआप पडली.

मागून दोनदा वाजलं.

लाट असेल, ती म्हणाली. फळीच्या शेपटाखाली लाट आपटते, कधी एकदा, कधी दोनदा. पुढच्या शंभराला तिनं मूठ गच्च आवळली, तरी अंगठा निसटून टेकला, आणि पुन्हा दोनदा वाजलं. माझीच टाच असेल, ती म्हणाली. तिनं टाचा जुळवून वर धरल्या. पुढच्या शंभराला दोनदा वाजलं. दबकं, जाड, पाणी मुरलेलं. मग तिनं कारणं शोधायचं सोडून दिलं. वीस किलोमीटर, पंचवीस किलोमीटर, ती विचारत राहिली आणि मागून उत्तर येत राहिलं, आणि तिला कळेना की आपल्याला भीती वाटतेय की बरं वाटतंय. आईचा तो शांत चेहरा आता तिला कळत होता.

“पाणी पी गं,” काकांनी ओरडून सांगितलं. “एकतीस झाले.”

मागून तीनदा वाजलं.

या वेळी तिनं अजून एक शंभर म्हटलं नाही. जोड्या करतात तसं तिनं डावा हात पाण्यात धरून फळी बाजूला घेतली आणि वाट मोकळी केली. मान खाली घातली. उजवीकडून काहीतरी गेलं. काही दिसलं नाही, फक्त पाणी दुभंगलं, तिच्या दंडाला एक गार घडी लागली, आणि मग तिची फळी उचलली गेली. तिला ती ओढ पाठ होती. पुढे कुणी पाणी फोडत असलं की मागच्या फळीला मिळते ती. तिनं हात पाण्याबाहेर काढले. फळी चाललीच होती.

बराच वेळ ती तशीच चालली. मग पुढून एकदा वाजलं.

आहेस?

तिनं हात उचलला. तो फळीपर्यंत गेला नाही. उत्तर दिलं तर आपण त्याच्या मागे निघालो असं होईल, आणि हा कुठे नेतोय ते तिला ठाऊक नव्हतं. घरी आई होती. काका होते. तिला जगायचं होतं, इतकी साधी गोष्ट होती ती, आणि तिची तिला अतोनात शरम वाटली. तिनं उत्तर दिलं नाही.

पुढून पुन्हा एकदा वाजलं. तिनं ओठ चावले.

मग ओढ संपली. तिची फळी मंदावली, डुलली आणि उभी राहिली. पुढचं पाणी शांत झालं.

तो थांबला होता. एकाच ठोक्याचं उत्तर चुकलं, दुसऱ्याचं चुकलं, आणि तो थांबला. थांबायला त्याला कुठली खूण लागली नव्हती.

थोरलीनं मान वर केली. टेकडीच्या उतारावर, हातभर अंतरावर, दोन तळवे होते, पांढरे, पाण्यानं सुरकुतलेले. डाव्या टाचेला चिकटपट्टी, गेल्या वर्षी शर्यतीच्या सकाळी आईनं लावली होती ती. तळवे वळत होते. पालथा पडलेला माणूस उठून बसायला लागला, मागे कोण राहिलं ते बघायला वळायला लागला, की वळतात तसे. तिनं कपाळ फळीवर आपटलं आणि डोळे मिटून घेतले.

काकांनी तिला बगलेत धरून होडीत घेतलं तेव्हा ती तशीच होती. “तुला एकदम काय झालं होतं?” त्यांनी तिच्या अंगावर टॉवेल टाकत विचारलं. “पाच मिनिटं मला इंजिन वाढवावं लागलं तुझ्याबरोबर राहायला. आणि हात तर तुझे बंद होते.”

७

आई दार उघडून उभीच होती. काकांनी फोन केला होता. तिनं थोरलीला टेबलाशी बसवलं, पुढ्यात चहा ठेवला आणि समोर बसून तिचं तोंड बघत राहिली.

“नेलंस का त्याला?”

“आई, गेल्या वर्षी त्यानं तीनदा ठोकलं होतं.” थोरलीनं कपाकडे बघत सगळं सांगितलं. एकतिसावा किलोमीटर, दोन वेळा तीन-तीनदा ठोकलेलं, अजून एक शंभर. घड्याळ. चाळीस मिनिटं. “शेवटपर्यंत तो उत्तर देत नव्हता. मी ऐकलं नाही. मी धरून चालले.”

आईनं तिच्या पुढ्यातला कप बाजूला सारला. मग तिनं टेबलावर अंगुस्तानानं एकदा ठोकलं. दोघींनी भिंतीकडे पाहिलं. भिंत गप्प राहिली. तिनं पुन्हा एकदा ठोकलं आणि वाट पाहिली. घरात फक्त घड्याळाचा आवाज होता.

“गेला,” आई म्हणाली. तिनं अंगुस्तान बोटातून काढून टेबलावर ठेवलं. थोरलीला वाटलं, आता ती आपल्याला मारेल, आणि तिनं मारावं असंही वाटलं. पण आई उठली, भिंतीला हात लावत लावत धाकट्याच्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

पलंग करकरला. आतून आईच्या रडण्याचा आवाज आला, वर्षभर न आलेला, लहान मुलासारखा. मग तोही थांबला. थोरली टेबलाशी बसून राहिली. जावं की जाऊ नये ते तिला कळेना. चहावर साय धरली.

मग भिंतीच्या त्या बाजूनं एकदा वाजलं. हलकं, सुक्या विटेवर वाकलेल्या बोटाचं. ती आईच होती, यात शंका नव्हती. आई तिला विचारत होती.

थोरलीनं डोळे पुसले, ती पुढे वाकली आणि उत्तर द्यायला हात उचलला.

तिचा हात पोचायच्या आधी, तिच्याच बाजूनं, भिंतीवर दोनदा वाजलं.

“बरं,” पलीकडून आई म्हणाली, रडून बसलेल्या आवाजात. “आहेस ना तू. मग झालं.”

थोरलीचा हात अजून हवेतच होता.